झाडांचा वाटा

"यंत्र बिघडलंय," रेवता कुमरे स्वतःशीच म्हणाली आणि तिनं मोजणी पुन्हा लावली.

आकडा तोच आला. चितळमाथ्याच्या पोटातलं सोनं कमी झालं होतं.

खिडकीबाहेर डोंगर नेहमीसारखा उभा होता. चैत्र लागला होता. कोसंबांना लालभडक पालवी फुटली होती आणि पायथ्याच्या कोसंबटोल्यातल्या बाया टोपल्या डोक्यावर घेऊन मोहफुलं वेचून परतत होत्या. त्या डोंगरातल्या चाळीस टन सोन्यातलं वर्षभरात जेमतेम अर्धा किलो नाहीसं झालं होतं, मोजणीत ते आज पहिल्यांदा दिसलं होतं, आणि डोंगराला कुठं खरचटलंही नव्हतं.

चितळमाथ्याचं सोनं कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. गारगोटीच्या शिरांमध्ये ते इतकं बारीक विखुरलं होतं, की चिमूटभर हाती यायला गाडाभर दगड दळावा लागला असता. तरीही भंडाऱ्यापासून सावंतवाडीपर्यंत लाखो माणसं त्या सोन्यावर बाजारहाट करत होती, मुलांच्या फिया भरत होती, म्हातारपणाची तजवीज करत होती. कारण त्या सोन्यावर होन उभा होता.

जगभरची चलनं एकामागून एक घसरायला लागली, तेव्हाची ही गोष्ट. कागद कितीही छापता येतो, पडद्यावरचे आकडे तर त्याहून सोपे. लोकांना असं काहीतरी हवं होतं, जे कुणाच्या मर्जीनं वाढत नाही. म्हणजे सोनं. पण सोन्याचं नाणं पाडायचं तर आधी डोंगर फोडायचा, दगड दळायचा, तो विषारी पाण्यानं धुवायचा, आणि एवढं करून निघालेल्या विटा पुन्हा जमिनीखालच्या तिजोरीत नेऊन ठेवायच्या. जमिनीतून काढून जमिनीतच पुरायचं! त्यापेक्षा आहे तिथंच राहू दिलं तर? फक्त ते तिथं आहे याची रोज खात्री पटली म्हणजे झालं.

ती खात्री रेवताच्या प्रयोगशाळेनं दिली. अवकाशातून येणारे किरण वातावरणावर आदळतात, त्यातून म्युऑन नावाचे कण तयार होतात आणि त्यांचा पाऊस पृथ्वीवर अखंड पडत असतो. तळहात पसरून उभं राहिलं तर मिनिटाला शंभरेक म्युऑन त्यातून आरपार जातात, आपल्याला पत्ताही लागत नाही. ते खडकातही खोल शिरतात. पण एखादा दमतो, थांबतो आणि जवळच्या अणूच्या कह्यात सापडतो. सापडताना त्या अणूच्या जातीप्रमाणे एक ठरावीक किरण बाहेर पडतो, लोखंडाचा वेगळा, सोन्याचा वेगळा. डोंगरात बांगडीएवढ्या तोंडाची शेकडो भोकं पाडून त्यांत संवेदक सोडले, की हे किरण टिपता येतात. टिपत राहिलं, की आतलं सोनं अर्ध्या किलोपर्यंत अचूक मोजता येतं. कुदळ लावावी लागत नाही.

एक होन म्हणजे चितळमाथ्यातलं एक ग्रॅम सोनं. नाव शिवकाळातल्या नाण्याचं दिलं, पण हे नाणं कुणाच्या कनवटीला लागणार नव्हतं. ते एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जायचं आणि सोनं जागच्या जागी राहायचं. डोंगराची मोजणी रोज सकाळी जाहीर व्हायची. ज्याला हवी त्यानं ती पाहावी.

रेवता या डोंगराची कोशपाल होती. आणि ती याच कोसंबटोल्याची होती.

आईबाप लवकर गेल्यावर तिला वाढवलं दसरूनं, तिच्या थोरल्या भावानं. तेंदूची पानं तोडून, मध काढून त्यानं तिला नागपूरला शिकायला ठेवलं. एक खाणकंपनी हा डोंगर उपटायला आली, तेव्हा दसरू ग्रामसभेचा अध्यक्ष होता. कंपनीची यंत्रं सडकेपर्यंत येऊन ठेपली होती. त्या वेळी रेवता शाळेच्या पटांगणात सगळ्या गावासमोर उभी राहिली होती.

"खाण आली तर डोंगर जाईल," ती म्हणाली होती. "होन आला तर डोंगर राहील. सोनं मोजायचं आहे, काढायचं नाही. खोदलं की होन संपला, म्हणून कोणी खोदणारच नाही."

"कोणीच हात नाही लावणार?" दसरूनं विचारलं होतं.

"कोणीच नाही, दादा. मी जबाबदार."

"तू म्हणतेस म्हणून," असं म्हणून दसरूनं हात वर केला, आणि मग सगळ्या गावानं केला.

त्याला आता बारा वर्षं होऊन गेली होती.

*

नागपुराहून श्रीरंग वझलवारांचा फोन आला. ते होन निधीचे प्रमुख. मूळचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक, आवाज कधी चढायचा नाही. आज तो थोडा चढला होता.

"रेवताताई, चोरी आहे का?"

"डोंगरात उंदराच्या बिळाएवढंही नवीन भोक नाही, सर."

"मग भूत नेतंय का?"

"शोधते आहे."

"लवकर शोधा. अर्धा किलो काही विशेष नाही, मलाही कळतं. पण होनाची सगळी पत एकाच वाक्यावर आहे, हे सोनं कमी होत नाही. ते वाक्य आज सकाळी खोटं ठरलं. सकाळपासून लोक होन विकत सुटलेत. तुमचं यंत्र इतकं अचूक बनवायलाच नको होतं."

पाण्यानं वाहून नेलं म्हणावं तर तिसरं वर्ष पाऊस तुटका होता. डोंगरावरचा नाला दिवाळीतच आटला होता. रेवतानं हातात धरायचा, सोन्याजवळ टकटकणारा मापक घेतला आणि ती डोंगर चढायला लागली. दसरू मधाची पोळी पाहायला निघालाच होता, तोही बरोबर आला.

"का हरवलं वो तुह्यं?" त्यानं विचारलं.

"सोनं."

"गळ्यातलं?"

"डोंगरातलं."

दसरू हसला. "आता डोंगरातलं सोनं कोठी हरवते?"

दुपार चढली तशी ती एका जुन्या ऐनाखाली टेकली. ऐनाची पानं गळून खाली गुडघाभर पाचोळा साचला होता. पाणी पिण्यासाठी तिनं मापक त्या पाचोळ्यावर ठेवला, आणि मापक टकटकायला लागला. तिनं तो उचलला, टकटक थांबली. पुन्हा ठेवला, पुन्हा सुरू. ती दुसऱ्या झाडाखाली गेली, तिथंही तेच. मग धावड्याखाली, मोहाखाली. मोकळ्या कातळावर मापक गप्प होता.

तिनं ओंजळभर पानं उचलली आणि जवळजवळ धावतच डोंगर उतरली. दसरू मधाचं विसरून तिच्या मागे आला.

पायथ्याच्या मोजणी केंद्रातल्या सूक्ष्मदर्शकाखाली तिनं पानाचा एक तुकडा ठेवला. हा सूक्ष्मदर्शक क्ष-किरणांचा. त्यात ज्या धातूचा किरण निवडावा, तेवढाच धातू उजळून दिसतो. रेवतानं सोनं निवडलं.

पडदा आधी काळाच राहिला. मग एक ठिपका उमटला. दुसरा उमटला. बघता बघता पानाची मधली शीर, तिच्या फांद्या, फांद्यांच्या फांद्या अशा सगळ्या काळोखातून वर आल्या, आणि त्या शिरांच्या टोकाटोकांशी बारीक, अगदी बारीक कण चमकायला लागले. शेकडो. पानाच्या कडेपर्यंत.

रेवतानं खुर्ची पुढे ओढली.

"चांदण्या उतरल्या का वो पानात?" दसरू हळूच म्हणाला.

"हेच आपलं सोनं, दादा. मातीतल्या जिवाणूंमुळे सोनं पाण्यात थोडं थोडं विरघळतं. यंत्राला न कळण्याइतकं ते झाडं पूर्वीपासून ओढत असणार; आता वरचं पाणी आटलं म्हणून त्यांनी मुळं आणखी खोल नेली, विहिरीच्याही दुप्पट खोल. तिथलं पाणी ओढताना सोनंही वर आलं. झाडाला ते नकोय, विषच आहे त्याला. म्हणून ते पानाच्या टोकाशी नेऊन ठेवतं आणि पान टाकून देतं."

"सगळीच झाडं?"

"सगळीच."

ती पडद्याकडे बघत राहिली. दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळतात, तेव्हा असं सोनं जन्मतं, हे ती केंद्रात येणाऱ्या विद्यार्थ्यांना कित्येकदा सांगत आली होती. ते पृथ्वी घडण्याआधीचं सोनं खडकात शिरून बसलं, आणि आता थेंबाथेंबानं एका ऐनाच्या खोडातून उन्हाकडे चढत होतं. सबंध डोंगर चढत होता. बारा वर्षं ती त्याची राखण करत होती आणि तिला हे दिसलं नव्हतं.

दसरू मात्र पडद्यावरून नजर काढून तिच्याकडे पाहत होता.

"रेवता, हे तू त्यायले सांगशील?"

"सांगावंच लागेल."

"मग ते झाडं तोडतीन."

रेवतानं सूक्ष्मदर्शकाचा पडदा बंद केला.

"नको सांगू. यंत्र बिघडलं म्हण."

"उद्या पुन्हा कमी होईल, परवा पुन्हा. लोकांचा विश्वास उडाला की होन बुडेल. होन बुडाला की ती खाणकंपनी परत येईल, दादा. तिचा अर्ज अजून तसाच पडून आहे."

"आन सांगितलं तर?"

दसरूनं दाराची कडी काढली. "कोणीच हात नाही लावणार म्हणली होतीस," तो म्हणाला आणि निघून गेला. त्यानंतर तो तिच्याशी बोलेनासा झाला. ती घरी गेली की भावजय चहा द्यायची आणि दसरू मागच्या दारानं बाहेर पडायचा.

*

रेवतानं सांगितलं. जे दिसलं ते सगळं, कारणासकट.

वझलवार स्वतः आले. त्यांनी पान पाहिलं. पाच मिनिटांसाठी वाकलेला तो माणूस बराच वेळ उठलाच नाही. शेवटी त्यांनी चष्मा काढून पुसला.

"असं काही मी आयुष्यात पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "आणि हे थांबवावं लागेल, ताई. माथ्यावरची झाडं काढू, मुळं मारू, गवत लावू. डोंगर तर जिवंत राहील ना?"

"झाडांशिवाय डोंगर म्हणजे काय राहील, सर?"

"तिजोरी."

रेवतानं दुसरा मार्ग आधीच शोधून ठेवला होता. होनाची तिजोरी जमिनीखाली पुरुषभर खोलीवर सुरू होते असं करारात होतं, त्यावरची माती हिशेबात नव्हती. ती हद्द वर घेतली तर? माती, पाचोळा, झाडं सगळंच तिजोरीत धरलं, तर सोनं कमी झालंच नाही असं ठरेल. ते फक्त एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात गेलं. झाडं मोजायला हवाई मापक लागतील, पण ते जमण्यासारखं होतं. आणि झाडच तिजोरी ठरलं की त्यावर कुऱ्हाड चालवणं म्हणजे तिजोरी फोडणं.

वझलवारांना कल्पना पटली. निधीतल्या तज्ज्ञांनाही पटली. रेवता त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोपली.

सकाळी नव्या कराराचा मसुदा आला. त्यात एक ओळ होती. डोंगरावरचं प्रत्येक पान, फूल, फळ आणि काटकी ही होनधारकांची ठेव असल्यानं माणसांना व जनावरांना तिथं प्रवेश बंद राहील, भोवती कुंपण घालण्यात येईल.

तिच्या लक्षात आलं नव्हतं. तेंदू नाही, मोह नाही, मध नाही, सरपण नाही. तिजोरीत कुणाला कसं हिंडू देणार? मसुद्यात काहीही चूक नव्हती. तिच्याच कल्पनेतून ते सरळ निघत होतं.

*

करार बदलायला ग्रामसभेची संमती लागत होती. पटांगणात सगळा कोसंबटोला जमला. एका बाजूला वझलवार आणि निधीची माणसं खुर्च्यांवर बसली होती. रेवतानं दोन्ही पर्याय समजावून सांगितले, झाडं तोडणं आणि कुंपण.

मागून एक म्हातारी म्हणाली, "तेंदू नाई तोडाचा, मोह नाई वेचाचा, त आमी डोंगराकडं पाहून पोट भराचं का जी?"

दसरू उठला. त्यानं रेवताकडे पाहिलं नाही, निधीच्या लोकांकडे पाहिलं.

"लिहून घ्या," तो म्हणाला. "आमी बाहेर राहू."

सभेत कुजबूज झाली. त्यानं हात वर केला.

"डोंगर आमचा हाये म्हणून आमाले पोसते, असं आमी समजत होतो. आता बाईनं दाखवलं, त्याचं आपलंही काही चालू हाये. आमच्या बापजाद्याच्याही आधीपासून असल. आमी का त्याले मोडू? घाला कुंपण. झाडं राहू द्या." तो खाली बसला. बसताना त्यानं गुडघ्यावर ठेवलेले हात रेवताला दिसले. तेंदूच्या चिकानं काळे पडलेले, कधीच न निघणारे डाग असलेले. त्या हातांच्या मिळकतीवर ती शिकली होती.

वझलवार सही घेण्यासाठी कागद पुढे करत होते. रेवता मध्ये उभी राहिली.

"मी माझी सूचना मागं घेते."

"ताई, काय करताय?"

"सर, आपण दोन्ही वेळा एकच गोष्ट करतो आहोत. सोनं थांबवतो आहोत. ते कधीच थांबलेलं नव्हतं. गरम पाण्याबरोबर ते खालून वर आलं, गारगोटीत बसलं, आता झाडात चढतंय. पावसात थोडं परत मुरेल, थोडं नदीनं जाईल. आपण बारा वर्षं पाहिलं, म्हणून आपल्याला ते स्थिर वाटलं. लोकांना खरं सांगू या, की दर वर्षी यातलं थोडं झाडं घेणार. त्यांचा वाटा. या वेगानं चाळीस टन संपायला ऐंशी हजार वर्षं लागतील. कुंपण नको, कुऱ्हाड नको. ज्यांना असा होन चालेल त्यांनी ठेवावा."

"आणि नाही चालला तर?"

"तर होन बुडेल आणि खाण येईल. मला माहीत आहे."

वझलवारांनी कागदाची घडी घातली. "माणूस नाणं जवळ ठेवतो ते निश्चिंतीसाठी, ताई. तुम्ही त्याला एक जंगल देताय."

"मी त्याला विचारते आहे. तो हक्क त्याचा आहे."

होनधारकांचं मत घेण्याची तरतूद होती, आजवर ती कुणी वापरलेली नव्हती. रेवतानं एकच अट घातली, की प्रश्नाबरोबर ऐनाच्या पानाचं ते चित्रही प्रत्येकाच्या फोनवर जावं.

*

पुढचा आठवडा ती कधीच विसरली नाही. होन रोज घसरत होता. वर्तमानपत्रांनी तिला होन बुडवणारी म्हटलं, काहींनी तर सोनं चोरणारी. एका माणसानं फोन करून, माझ्या मुलीच्या लग्नाचे होन तुमच्या झाडांनी खाल्ले, असं म्हणून तिला रडवलं. पण दुसरेही फोन येत होते. जळगावच्या एका सराफानं सांगितलं, "बाई, मी पन्नास वर्षं सोनं हाताळतोय. ते जिवंत असल्यासारखं मी पहिल्यांदा पाहिलं." अलिबागच्या एका परिचारिकेनं ते चित्र वॉर्डातल्या भिंतीवर लावलं होतं, आणि रुग्ण त्याच्यासमोर थांबतात असं ती सांगत होती. एक शाळामास्तर फक्त एवढंच विचारत होता, की मुलांना घेऊन आलो तर झाड दाखवाल का?

निकाल लागला. निम्म्याहून थोड्याच अधिक लोकांनी झाडांचा वाटा मान्य केला होता. ज्यांना मान्य नव्हता त्यांतले बरेच जण होन विकून निघून गेले. नाण्याची किंमत जी खाली आली, ती पूर्वीच्या जागी पुन्हा कधीच गेली नाही. पण ते उभं राहिलं. सकाळच्या मोजणीत आता सोन्याच्या आकड्याखाली आणखी एक आकडा यायला लागला, झाडांनी नेलेल्या सोन्याचा. लोक आधी तोच पाहतात, असं नंतर वझलवारांनीच तिला सांगितलं.

हे सांगताना ते तिला कोशपालपदावरून मुक्त करण्याचं पत्रही घेऊन आले होते. "कोशपालानं कोशाचा विचार करायचा असतो," ते म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं. "तुम्ही उत्तम शास्त्रज्ञ आहात, ताई."

रेवतानं केंद्राच्या किल्ल्या दिल्या आणि ती चालत गावात आली. दसरू अंगणात बसला होता. या वेळी तो मागच्या दारानं गेला नाही. त्यानं बाज सरकवून तिला जागा केली.

*

वर्षभर ती गावातच राहिली. नागपूरच्या विद्यापीठानं बोलावलं होतं, पण जायची घाई नव्हती. चैत्रात ती दसरूबरोबर पहाटे मोह वेचायला जायला लागली. रात्रीतून गळलेली पिवळट, रसदार फुलं जमिनीवर पसरलेली असत आणि त्यांचा गोड, उग्र वास सगळ्या उतारावर भरून राहिलेला असे.

एके दिवशी वेचता वेचता दसरूनं विचारलं, "फुलातही असल का वो ते?"

"असतं. थोडं."

"आन आमी तर जल्मभर हे खाल्लं. मंग आपल्यात?"

रेवताच्या हातातलं फूल हातातच राहिलं. एवढ्या वर्षांत तिनं खडक मोजला, माती मोजली, पान मोजलं. माणूस मोजला नव्हता. तिनं दसरूच्या केसांची एक बट कापून घेतली, स्वतःची घेतली, गावातल्या पाचसहा म्हाताऱ्यांची घेतली आणि सगळी प्रयोगशाळेतल्या जुन्या सहकाऱ्याकडे पाठवून दिली.

उत्तर आलं तेव्हा ते दोघं पुन्हा त्याच उतारावर होते. तिनं फोनवरचं चित्र उघडून त्याच्यापुढे धरलं. एका केसाचा आडवा छेद, अंधारात गोल, आणि त्यात चार-पाच चमकते कण.

"हा तुझा केस, दादा. कुणाच्याही अंगात सोन्याचा अंश असतो, पण एवढा नसतो. आणि त्यात चांदी ज्या प्रमाणात मिसळलेली आहे, ते प्रमाण फक्त चितळमाथ्याचं आहे."

दसरूनं फोन हातात घेतला. एकदा त्याकडे, एकदा डोंगराकडे पाहिलं. मग तो मोठ्यानं हसला.

"होनवाल्यायले नको सांगू बापा! उद्या आमाले मोजाले येतीन."

रेवताही हसली. हसता हसता दसरूनं समोर पाहिलं. समोरच्या उतारावर त्यांच्या आईला पुरलं होतं. तिच्यावर वाढलेल्या ऐनाला आता नवी पानं फुटत होती.

"मायमंदीही असल," तो म्हणाला.

"असणार."

"मंग आता तिथं..." त्यानं ऐनाच्या पानांकडे बोट केलं आणि वाक्य अर्धंच सोडलं.

रेवतानं मान हलवली. ऊन वर आलं होतं आणि ऐनाची कोवळी पानं त्या उन्हात आरपार दिसत होती. खाली फुलांवर मुंग्या चढायला लागल्या तरी दोघं तसेच उभे राहिले.